अन्नाशी खेळायचं नाही: हात भरू न देणाऱ्या एका सव्वादोन वर्षाच्या पोराची गोष्ट

पार्श्वभूमी

बेळगावात वडगाव-शहापूरच्या बाजूला मी घरच्या पडवीत छोटं खेळघर चालवते. दीड ते तीन वर्षांची सहा-सात पोरं, सकाळी १० ते १२, बस एवढंच. बोर्ड नाही, युनिफॉर्म नाही. हे प्रकरण त्यातल्याच एका पोराचं, नाव आणि घराच्या खुणा बदलल्यात, त्याला आपण बारक्या म्हणूया कारण घरात त्याला तेच म्हणतात आणि आमच्या गल्लीत असे पाच तरी बारके सापडतील.

बारक्याचे बाबा मागावर, म्हणजे पॉवरलूमवर. आई घरी ब्लाउज शिवते. आज्जी मूळची खानापूरकडची, भातशेतीतली बाई, आता मुलाकडं असते. घर म्हणजे पुढच्या खोलीत माग, मधल्यात शिलाई मशीन, मागं स्वयंपाक. खडखडाटाला पोरगं अजिबात भीत नाही, मागाच्या आवाजात झोपतं सुद्धा. हे मुद्दाम लिहितेय कारण पुढं लोक म्हणाले की "त्याला सगळ्याचाच त्रास होतो", तसं नव्हतं.

ऑगस्टच्या सुरवातीला, बाहेर धो धो पाऊस, आई त्याला घेऊन आली तेव्हा तो २ वर्ष २ महिन्यांचा होता.

अडचण काय होती

हाताला काही ओलं-चिकट लागलं की रडायचा. दहीभात, मऊ भात, केळं, कशालाच बोट लावायचा नाही. भाताचं एक शीत तळहाताला चिकटलं तर हात पुढं धरून "पूस पूस पूस" करत आईमागं फिरायचा आणि पुसेपर्यंत दुसरं काही सुचायचं नाही. अंगणात चिखल असेल तर पाय खाली ठेवायचा नाही. आणि जेवण मोबाईलवर, तीन वेळचं. आईच भरवायची, तो बघायचा कार्टून, तोंड आपोआप उघडायचं. मी विचारलं दिवसाचा किती वेळ जातो यात, तर तिनं हिशोब केला आणि तीच गप्प झाली, अडीच तासाच्या वर होत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत दोन वर्षाच्या पोराला स्क्रीन जास्तीत जास्त एक तास, कमी तेवढं बरं, असं आहे. तो आकडा मी तिला त्या दिवशी सांगितला नाही. आधीच कावलेल्या बाईला आकडे सांगून काय होतंय.

माझ्याकडं येण्याआधी घरात काय झालं होतं

आईनं आपल्या परीनं खूप केलं होतं हो. रील्स बघून बघून तिनं तांदूळ रंगवले, हिरवे निळे गुलाबी, परातीत ओतले, त्यात चमचे वाट्या ठेवल्या. पोरगं दोन मिनिटं बघत बसलं आणि मग परातच उलटी केली. दुसऱ्या दिवशी हरभरे आणि राजमा. तिसऱ्या दिवशी मैदा-मिठाचा गोळा, म्हणजे २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, १ वाटी पाणी, त्याला तर त्यानं हातच लावला नाही, फक्त जीभ लावून बघितली.

तांदळाच्या दिवशी आज्जी भडकल्या. "पोरगं अन्न पायाखाली तुडवालंय आणि तू फोटो काढालीस?" आम्ही रोपं लावताना कंबर मोडून घेतली ती काय गटारीत घालायला काय, वगैरे वगैरे. सुनेला ते लागलं, ती दोन दिवस बोलली नाही.

आणि हरभऱ्याच्या दिवशी एक हरभरा नाकात गेला. आई मशीनवर होती, चार टाके घालेपर्यंत. घाबरून तिनं केसाची पिन घेतली होती काढायला, नशीब शेजारच्या काकूंनी हात धरला. पिनेनं दाणा आत सरकतो, आणि कडधान्य ओलाव्यानं फुगतं, मग अजून घट्ट बसतं. कानानाकाच्या डॉक्टरांनी दोन मिनिटात काढला. पण दाणा गेलेला कुणी बघितलाच नसता तर? एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड यायला लागल्यावर आठ दिवसांनी कळतं अशी पोरं मी बघितलीत.

मैदा-मिठाच्या गोळ्याबद्दल पण इथंच सांगून टाकते. मोठ्या पोरांना तो छान, वाळवून दिवे-बिवे होतात. पण जे पोरगं अजून सगळं तोंडात घालतंय त्याच्या हातात तेवढं मीठ देऊ नये. एक चहाचा चमचा मीठ म्हणजे पाच-सहा ग्रॅम, एवढ्याशा जिवाला दिवसभरात दोन ग्रॅमच्या आसपास पुरतं, आणि गोळ्यात तर वाटीभर असतंय. शिवाय कच्च्या पिठात जंतू असू शकतात. माझ्याकडं तीनच्या आतल्या पोरांना हा गोळा बंद म्हणजे बंद.

काय काय पर्याय होते

आईच्या डोक्यात दोन होते. एक असल्याच हात भरायच्या खेळांचं ऑनलाईन किट मागवायचं, दुसरं म्हणजे गावातल्या कॅम्प भागात कुठंतरी सेन्सरी क्लास, म्हणजे स्पर्शाचे वगैरे खेळ घेणारा वर्ग चालतो तिथं घालायचं. बाबांचं म्हणणं, मोठा झाला की सुटेल, मी पण तसाच होतो. आज्जींचं म्हणणं त्याला धरून चिखलात बसवा एकदा, चार दिवसात सरळ होतंय.

किटला मी नको म्हटलं कारण एका किटच्या फोटोत ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी होते. ते पोटात गेले की पोटात फुगतात, आतडं अडतं, ऑपरेशनपर्यंत जातं. क्लासला माझा विरोध नव्हता पण आठवड्यातनं एकदा, रिक्षानं जाऊन, अनोळखी बाईसमोर, ज्या पोराला घरात शीत चिकटलेलं चालत नाही ते तिथं काय करणार. आणि "सुटेल" हे पण खोटं नाही, बऱ्याच पोरांचं सुटतंच. पण जेवण मोबाईलवर अडकलं होतं, ते आपोआप सुटणारं नव्हतं.

मी एक पाचवा पर्याय आधी मांडला, तपासणी. हात भरायला नको म्हणणं एकटं असेल तर फार घाबरायचं कारण नसतं, पण त्याच्या जोडीला हाक मारल्यावर न बघणं, बोटानं न दाखवणं, दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडून न बोलणं, असं असेल तर थांबायचं नाही. बारक्या "बाबा ये", "पाणी नको" म्हणत होता, बोट दाखवत होता, हाकेला वळत होता. तरी मी आईला बालरोगतज्ज्ञांकडं पाठवलं. पैशाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ पासून, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी फुकट होते, अंगणवाडीतनं नावं जातात, हे आपल्याकडं फार जणांना माहितीच नसतं. डॉक्टरांनी बघितलं, वाढ ठीक आहे, तीन महिने बघा, सुधारणा नाही वाटली तर थेरपिस्टकडं जाऊ म्हणाले. म्हणजे आमच्याकडं तीन महिने होते.

आज्जींचा नियम

खरा निर्णय झाला तो माझ्याकडं नाही, त्यांच्या स्वयंपाकघरात. मी एका दुपारी गेले होते, आज्जी चपात्या लाटत होत्या आणि बोलता बोलता त्यांनी कणकेचा लिंबाएवढा गोळा तोडून बारक्याच्या ताटलीत ठेवला. एक चिमणी करून दिली, चोच काढून. मी म्हटलं आज्जी, हे पण अन्नच की ओ. त्या म्हणाल्या, "हे वाया कुठं जातंय? खेळून झाल्यावर मी भाजते आणि दारातल्या गाईला देते. तांदूळ गटारीत गेला त्याचं मला दुःख."

मला तिथं उलगडलं. त्यांना खेळायचं वावडं नव्हतंच. जे खाण्याचं आहे ते शेवटी कुणाच्यातरी पोटात गेलं पाहिजे, माणसाच्या, गाईच्या नाहीतर झाडाच्या मुळाशी. मग आम्ही तिघींनी तोच नियम ठरवला, आणि खरं सांगायचं तर त्यानं माझंच खेळघर सुधारलं. रंगवलेले तांदूळ बंद झाले. त्याऐवजी घरातलं जे काम चाललंय त्यातला एक तुकडा पोराला द्यायचा, कढीपत्ता देठावरनं ओरबाडणं, मेथी निवडणं, तांदळाच्या धुवणात हात घालून मग ते धुवण तुळशीला घालणं. आईचा वेगळं सामान मांडायचा वेळ वाचला, आणि परातीसमोर "आता खेळ बघू" म्हणून डोळे लावून बसायचं पण बंद झालं. मला वाटतं पोराला तेच जड जात होतं. आपण सगळे टक लावून बघत असलो की मोठ्या माणसाला सुद्धा घास उतरत नाही.

प्रत्यक्षात काय केलं

पहिले पंधरा दिवस ओलं काहीच नाही. त्याच्या घरात कापडाला तोटा नव्हता. आईच्या चिंध्यांतनं अस्तर, खणाचा तुकडा, जरीचा काठ, मांजरपाट, वेल्वेटची पट्टी, असं सगळं तळव्याएवढं कापून दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात भरलं, झाकणाला गोल भोक पाडलं, कडेला चिकटपट्टी लावली. तो एकेक ओढून काढायचा आणि परत कोंबायचा. खणाचा तुकडा त्याला फार आवडला, गालाला लावून बसायचा. बाबांनी मागावरच्या, सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या दिल्या. दोन गोष्टी बघितल्या, लांब सुटा दोरा एकही ठेवायचा नाही, बोटाला गुंडाळला की रक्त अडतं, आणि हुक-बटणं मशीनच्या टेबलावरनं वर कपाटात. लहान वस्तूला माझा अंदाज सोपा आहे, दहा रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून जराशी मोठी असेल तरी तीनच्या आतल्या पोराला नको.

मग गव्हाचा कोंडा, परातीत, चाळण आणि वाटी घेऊन. कोरडा, झटकला की पडतो, हाताला धरून बसत नाही. खेळून झाला की गाईला. भाताचं तूस पण आज्जींनी आणायचं म्हटलं होतं पण त्याची टोकं टोचतात आणि धूळ उडते, ते नको केलं. कोंड्यात त्यानं तिसऱ्या दिवशी दोन्ही हात घातले, पण शेजारी पाट आणि पाटावर कोरडं फडकं, हे कायम. फडकं हा आमचा सगळ्यात मोठा निर्णय म्हणता येईल. आईला वाटत होतं फडकं दिसलं की तो पुसतच बसणार, म्हणून लपवावं. मी म्हटलं नको, उलट जवळ ठेव. पहिल्या दिवशी तो मिनिटाला दोनदा पुसायचा. चौथ्या आठवड्यात पूर्ण खेळात तीनदा.

ओल्याची सुरवात खळीनं केली. विणकराच्या घरात खळ म्हणजे सुताला लावायची, खायची नव्हे, त्यामुळं आज्जींची काहीच हरकत नाही. १ वाटी कॉर्नफ्लोअर, ४ वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळलं, गार केलं, अर्धी हळदीनं पिवळी, अर्धी बिटाच्या रसानं लाल. ती झिपवाल्या जाड पिशवीत भरली, हवा काढली, तोंडावर पॅकिंगची टेप डबल मारली आणि फरशीला चिकटवली. आता हाताला काहीच लागत नाही पण आतलं मऊ-गिळगिळीत बोटाखाली सरकतंय. बारक्या त्याच्यावर पहिल्यांदा कोपरानं टेकला! मग एक बोट. मग पिवळं लाल एकमेकांत ढकलून नारिंगी झालं तसं "आँ?" म्हणून आईकडं बघितलं. पावसाळ्यात ही खळ दुसऱ्या दिवशी आंबते, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते.

एकदा पिशवी फाटली आणि हळदीची खळ आईच्या हाताला लागली, तिनं साबण लावला तर हात लाल, ती किंचाळलीच. हळद साबणाला लागली की लाल होतेच, कुंकू करायची जुनी रीत त्याच्यावरच आहे. बारक्या मात्र खदाखदा हसला आणि स्वतःचं एक बोट पुढं केलं, त्याला पण लाल पाहिजे म्हणून. अस्तरावर पडलेला डाग उन्हात टाकला, दोन दिवसात फिका झाला.

माझी चूक

इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं म्हणून मी हावरटपणा केला. गणपतीची सुट्टी लागायच्या आधी मी सगळ्या पोरांकडनं हाताच्या ठशाचा गणपती करून घेते, तळव्याला रंग, कागदावर ठसा, मधल्या बोटाची सोंड. बाकी सगळ्यांचे झाले. बारक्याचा राहिला होता. त्यानं हात मागं घेतला, मला दिसलं होतं, तरी मी "एकदाच रे राजा" म्हणून मनगट धरलं आणि ठसा घेतला. चार सेकंदाचं काम. तो इतका रडला की उलटी झाली. ठसा सुंदर आला होता, तो कागद अजून माझ्या कपाटात आहे, आईला दिला नाही.

पुढचे दहा दिवस तो पडवीची पायरी चढला नाही. घरी कोंड्याची परात बघितली तरी लांब जायचा. मी आईला फोन करून सरळ सांगितलं की चूक माझी. ती म्हणाली, "जाऊदे हो टीचर, मी पण तांदळाच्या दिवशी त्याचा हात धरून घातला होता परातीत." म्हणजे हे त्याच्या बाबतीत दुसऱ्यांदा झालं होतं, आणि मला ते आधी माहितीच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं की.

परत कापडाच्या डब्यापासून सुरू केलं. या वेळी नियम असा की त्याच्या हाताला हात लावायचा नाही, "हात लाव बघू" म्हणायचं पण नाही. मोठ्यांनी शेजारी बसून आपलं आपण खेळायचं, आणि तो उठला की संपलं, मग दोन मिनिटं झालेली असोत की वीस.

किल्ल्याची माती

दिवाळीच्या आधी आमच्याकडं गल्लोगल्ली किल्ले होतात हे बेळगावकरांना सांगायला नको. बारक्याच्या दारासमोर मोठ्या पोरांनी तांबडी माती आणली, विटा, पोती, दगड, आणि चिखल तुडवायला लागले. हा पायरीवर बसून बघायचा, रोज, दीड-दोन तास. मी आईला म्हटलं त्याला काही बोलू नको, फक्त मोबाईल घरात ठेव आणि तू तिथंच बसून काज-बटण कर.

तिसऱ्या दिवशी पोरांनी किल्ल्यावर अळीव आणि मोहरी पेरली, हिरवं उगवायला. पाणी शिंपडायचं काम बारक्याला मिळालं. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला सुईनं भोकं पाडून दिली होती त्याला. आता पाणी शिंपडायला मातीजवळ जावं लागतं. चप्पल घालून गेला. पाचव्या दिवशी बुरुजाचा एक तुकडा ढासळला, मोठी पोरं आत फराळाचं खायला गेली होती, आणि आई सांगते तो बराच वेळ उभा राहिला, बाटली खाली ठेवली, आणि एका बोटानं, पहिल्या बोटानं, ढासळलेली ओली माती वर ढकलली. बोट बघितलं. फडकं घरात होतं. त्यानं ते बोट भिंतीला पुसलं आणि परत ढकललं.

आईनं फोटो काढला नाही. मला तिचं याबद्दल फार कौतुक वाटलं.

त्यानंतर आज्जींनी खानापूरच्या ओळखीच्या कुंभाराकडनं मळलेल्या मातीचा गोळा आणला, तिकडं कुंभारकाम जुनं आहे, माती चांगली मिळते. रस्त्याकडची माती मी पोरांना देत नाही, काचा असतात आणि कुत्र्या-मांजराच्या घाणीतनं जंत होतात. मातीत खेळणाऱ्या पोरांची नखं कापलेली आणि १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाची गोळी चुकवायची नाही, एवढं आईला सांगून ठेवलं. आणि बादलीभर पाणी सुद्धा एकटं ठेवायचं नाही, हात धुवून झाले की ओतून टाकायचं.

निकाल

नोव्हेंबरच्या शेवटी परत डॉक्टरांकडं गेले, त्यांनी थेरपिस्टची गरज सध्या नाही म्हटलं. दुपारचं जेवण मोबाईलशिवाय होतं, दहीभात चमच्यानं स्वतः खातो, अर्धा सांडतो, सांडलेलं आज्जी चिमण्यांना घालतात. चपातीचा तुकडा भाजीत बुडवतो पण बोटाला रस्सा लागू नये अशा बेतानं. रात्रीचं जेवण मात्र अजून मोबाईलवरच आहे, बाबा दमून येतात आणि त्यांना तेवढाच वेळ शांतता पाहिजे असते, त्यावरून नवराबायकोत अजून वाद आहे आणि मी त्यात पडत नाही. ओल्या गवतावर अजून पाय ठेवत नाही. केळं नाहीच.

परत करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी मी हे विचारेन की याआधी कुणी जबरदस्तीनं हात घातला होता का, कशात, कधी. ते कळलं असतं तर मी मनगट धरलं नसतं, निदान मला तसं वाटतं.

आज्जींना मी आधी भेटायला पाहिजे होतं. मी तीन आठवडे फक्त आईशी बोलत होते आणि आज्जी म्हणजे अडचण असं माझ्या डोक्यात बसलं होतं, आणि नियम तर शेवटी त्यांचाच लागला.

हाताच्या ठशाचा गणपती मी बंद केलेला नाही, पोरांच्या आयांना तो फार आवडतो. पण आता ब्रश, कापडाची पुरचुंडी किंवा बटाट्याचा ठसा पण ठेवते, ज्याला जे पाहिजे ते. बटाटा नंतर धुवून गाईला, नाहीतर आज्जी विचारतील.

जूनमध्ये बारक्या तीनचा होईल, अंगणवाडीत जाईल. तिथल्या टीचर कन्नड-मराठी दोन्ही बोलतात, त्याचा प्रश्न नाही. आईनं विचारलं तिथं काय काय सांगू, मी म्हटलं जास्त काही सांगू नको, एक फडकं पिशवीत दे आणि ते त्याच्या हाताशी राहू द्या एवढंच सांग.